ज्या विद्यापीठात शिकलो, त्याच्याच विश्वस्त मंडळावर

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मूळची अहमदनगरची, आताच्या अहिल्यानगरची. माझे पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत मास्तर होते. टेक्सासमधील एका ख्रिस्ती विद्यापीठातून मी सव्वीस वर्षांपूर्वी लेखाशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि तेव्हापासून डॅलसमध्येच नोकरी करते. गेल्या महिन्यात विद्यापीठाने मला विश्वस्त मंडळावर येण्याविषयी विचारले. आनंद इतका झाला, की त्या रात्री झोप लागली नाही. मात्र बातमी कळताच आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागण्या सुरू झाल्या. कोणाला वसतिगृहाचे जुने नाव परत हवे आहे, कोणाला फुटबॉलचा प्रशिक्षक नको आहे, एकाने तर भाच्याच्या प्रवेशाचेही सुचवले. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचे म्हणणे असे, की विद्यापीठ देवाच्या वाटेवरून ढळत चालले आहे आणि ते थांबवण्यासाठीच मला तिथे बोलावणे आले आहे. मी तिथे नेमकी कोणाची असेन? आणि होकार देण्याआधी काय पाहावे?

उत्तर : "मी तिथे नेमकी कोणाची असेन" हे आपले वाक्य मी दोनदा वाचले, कारण मंडळावर जाणाऱ्या फार थोड्या माजी विद्यार्थ्यांना हा प्रश्न आधी पडतो. बहुतेकांना तो तिसऱ्या किंवा चौथ्या बैठकीत, एखादा अवघड ठराव समोर आल्यावर पडतो आणि तोवर कोणाला ना कोणाला शब्द देऊन झालेला असतो. उत्तर मी स्पष्टच देतो. आपण बॅचच्या नाही, आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) नाही आणि ज्यांनी आपले नाव सुचवले त्यांच्याही नाही. आपण संस्थेच्या आहात. आणि संस्था म्हणजे आज तिथे शिकणारी मुले, अजून शाळेत असलेली आणि उद्या तिथे येणारी मुले, आणि ज्या हेतूने तिला सनद मिळाली तो हेतू.

अमेरिकेतील कायदा ना-नफा संस्थेच्या विश्वस्ताकडून तीन गोष्टींची अपेक्षा करतो. त्याने जबाबदार माणूस घेईल तेवढी काळजी घेऊन, कागद वाचून, शंका विचारून निर्णय घ्यावा; स्वतःचा आणि आपल्या माणसांचा फायदा बाजूला ठेवून संस्थेशी निष्ठा राखावी; आणि संस्था ज्या उद्देशाने स्थापन झाली त्या उद्देशाशी व तिच्या नियमांशी प्रामाणिक राहावे. यांतल्या 'निष्ठा' या शब्दापाशी माजी विद्यार्थ्यांची गल्लत होते. आपली निष्ठा आठवणींशी असते. ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी, आपल्याला शिकवणाऱ्या प्राध्यापकांशी, चॅपलमधल्या बुधवारच्या उपासनेशी. कायद्याला अभिप्रेत असलेली निष्ठा वेगळी आहे, आणि कधी कधी ती याच आठवणींच्या विरुद्ध हात वर करायला लावते. ते टेबल ज्या इमारतीत आहे, ती पाडावी लागेल असा अहवाल अभियंत्याने दिला, तर विश्वस्ताला तो अहवाल वाचावा लागतो.

आपल्याच राज्यातील बेलर विद्यापीठाचे उदाहरण घेऊ, कारण माजी विद्यार्थी, चर्च आणि मंडळ यांच्यातील नाते किती नाजूक असते हे तिथे स्पष्ट दिसते. टेक्सास हे स्वतंत्र प्रजासत्ताक असताना, १८४५ साली, बेलरला सनद मिळाली. पुढे जवळजवळ दीड शतक त्याच्या मंडळाचे सदस्य टेक्सासमधील बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांचे राज्यस्तरीय अधिवेशन निवडत असे. १९७९ पासून सदर्न बाप्टिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेत परंपरावादी गटाचे वर्चस्व वाढत गेले आणि धर्मशिक्षणाच्या संस्थांची मंडळे एकेक करून त्यांच्या हाती जाऊ लागली. बेलरचे तेव्हाचे अध्यक्ष हर्बर्ट रेनॉल्ड्स यांनी स्वतः तिथूनच डॉक्टरेट घेतली होती. हेच आपल्या विद्यापीठाच्या वाट्याला येईल, अशी धास्ती त्यांना आणि मंडळातील बहुसंख्यांना होती. २१ सप्टेंबर १९९० रोजी मंडळाने सनदेतच दुरुस्ती केली. नव्या रीजंट मंडळाचे (तिथे विश्वस्तांना रीजंट म्हणतात) तीनचतुर्थांश सदस्य यापुढे मंडळच निवडेल आणि राज्याच्या अधिवेशनाकडे एकचतुर्थांश जागा राहतील, असे त्यातून पुढे ठरले.

त्या दिवसाबद्दल बाप्टिस्टांमध्ये आजही दोन मते आहेत. एका बाजूला तो विद्यापीठाचे स्वातंत्र्य वाचवणारा दिवस वाटतो. दुसऱ्या बाजूला ज्या मंडळ्यांनी पिढ्यान्पिढ्या दानपेटीतून ते उभे केले, त्यांच्या हातून ते काढून घेणारा दिवस. मला स्वतःला तो निर्णय योग्य वाटतो, परंतु त्यातून एक नवी जबाबदारी निर्माण झाली आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही असेही वाटते. जे मंडळ आपले वारस आपणच निवडते, त्याला बाहेरून कोणी जाब विचारत नाही. तो जाब मग आतल्याच एखाद्या सदस्याला विचारावा लागतो, आणि आत बसलेले बरेचसे सदस्य एकमेकांचे वर्गमित्र असतात.

पुढे काय झाले ते आपण टेक्सासमध्ये राहत असल्याने आपल्याला ठाऊक असेलच, तरी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बेलरची माजी विद्यार्थी संघटना १८५९ सालची. १९७८ पासून ती विद्यापीठापासून स्वतंत्र झाली आणि आपल्या मासिकातून प्रशासनावर टीकाही करू लागली. विद्यापीठाने २००२ मध्ये माजी विद्यार्थ्यांसाठी स्वतःची वेगळी यंत्रणा उभी केली आणि दोघांत बेबनाव वाढत गेला. २०१३ च्या उन्हाळ्यात ब्रॅझोस नदीकाठच्या नव्या स्टेडियमकडे जाणाऱ्या वाटेसाठी संघटनेची इमारत पाडण्यात आली. त्याच सप्टेंबरात संघटनेचे विद्यापीठात विलीनीकरण करावे की नाही यावर सभासदांनी मतदान केले. ५५ टक्के मते बाजूने पडली, पण दोनतृतीयांशांची अट असल्याने ठराव फेटाळला गेला. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये तडजोड होऊन संघटनेला नाव बदलावे लागले.

२६.६ कोटी डॉलरचे ते स्टेडियम २०१४ मध्ये उघडले. संघ जिंकत होता आणि माजी विद्यार्थी हजारोंच्या संख्येने हिरवे-सोनेरी कपडे घालून येत होते. त्याच वर्षांत विद्यार्थिनींवरील लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी, त्यांतील काही फुटबॉल खेळाडूंविरुद्धच्या, योग्य रीतीने हाताळल्या जात नव्हत्या. मंडळाने बाहेरच्या वकिली कंपनीकडून चौकशी करून घेतली. मे २०१६ मध्ये १३ पानांचा निष्कर्षांचा सारांश प्रसिद्ध झाला आणि प्रशासनाच्या प्रत्येक पातळीवर अपयश आल्याचे त्यात नोंदले गेले. केन स्टार यांना अध्यक्षपद सोडावे लागले आणि प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांना काढण्यात आले. सविस्तर लेखी अहवाल मात्र तयारच झाला नाही. चौकशी करणाऱ्यांनी रीजंट मंडळाला सारे तोंडी सांगितले. यावरून माजी विद्यार्थ्यांचा एक मोठा गट मंडळावरच रुष्ट झाला, पारदर्शकतेची मागणी करू लागला आणि २०१७ च्या सुरुवातीला मंडळाने आपल्या कामकाजाच्या पद्धतीत सुधारणा मंजूर केल्या. आज तिथे काही रीजंट माजी विद्यार्थ्यांच्या थेट मतदानाने निवडले जातात. हे चांगलेच आहे. परंतु मतदान माजी विद्यार्थ्यांचे असले, तरी निवडून आलेला माणूस त्या क्षणापासून इतर रीजंटांइतकाच संपूर्ण विद्यापीठाचा विश्वस्त होतो.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त बोचते ती एक साधी गोष्ट. ज्या मुलींचे ऐकले गेले नाही, त्याही पुढे माजी विद्यार्थिनीच होणार होत्या. 'माजी विद्यार्थ्यांच्या भावना' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात त्या कधी मोजल्या जातात का?

हे मी दुरून सांगत नाही. मी स्वतः ज्या संस्थेत शिकलो, तिच्या मंडळावर नऊ वर्षे होतो. शताब्दीच्या वर्षी प्रवेशद्वारावर दगडी कमान उभारायचा ठराव आला. आराखडा सुंदर होता, जुन्या देणगीदारांची नावे कोरायची होती आणि आम्हा माजी विद्यार्थ्यांना तो फारच आवडला. त्याच बैठकीच्या कागदांत, शेवटून दुसऱ्या पानावर, मुलींच्या वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावरील न्हाणीघरांच्या दुरुस्तीची मागणी होती. ती 'पुढील वर्षी विचारार्थ' म्हणून ठेवली गेली. इतिवृत्तावर माझीही सही आहे. पावसाळ्यात मी सहज तिकडे गेलो, तेव्हा अधीक्षिका बाईंनी काही न बोलता मला वर नेले. व्हरांड्यात ओळीने सहा प्लास्टिकच्या बादल्या ठेवल्या होत्या आणि छताच्या प्रत्येक डागाखाली एक मूल गादी गुंडाळून बसले होते. कमान आजही उभी आहे आणि तिच्याखालून जाताना मला त्या बादल्या दिसतात. माझ्या हातून ही चूक झाली, कारण मी त्या बैठकीला माजी विद्यार्थी म्हणून बसलो होतो, विश्वस्त म्हणून नाही.

आता आपल्या पाळकसाहेबांच्या म्हणण्याविषयी. ख्रिस्ती विद्यापीठाच्या मंडळावर विश्वासाचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. तिसरे कर्तव्य नेमके त्याविषयी आहे. सनदेत 'ख्रिस्ती' हा शब्द असेल, तर तो पुसट होऊ न देणे हे आपले काम आहे. परंतु त्या शब्दाचा अर्थ कोणी ठरवायचा, याचे उत्तर प्रत्येक संस्थेच्या घटनेत लिहिलेले असते आणि ते एका मंडळीच्या पाळकांकडे नसते. १८९१ मध्ये फ्री मेथडिस्ट पंथाने स्थापन केलेल्या सिॲटल पॅसिफिक विद्यापीठात हा पेच फार तीव्र झाला. समलिंगी संबंधांत असलेल्यांना पूर्णवेळ नोकरीवर न घेण्याचे धोरण चालू ठेवावे की नाही, यावरून तिथे एप्रिल २०२१ मध्ये ७२ टक्के प्राध्यापकांनी मंडळावर अविश्वास व्यक्त केला. मे २०२२ मध्ये मंडळाने धोरण कायम ठेवले. ते बदलले असते, तर पंथाशी असलेले विद्यापीठाचे नाते तुटले असते. विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला आणि सप्टेंबरात विद्यार्थी व प्राध्यापकांपैकी काहींनी विश्वस्तांवरच दावा लावला. त्या मंडळावरील विश्वस्तांच्या समोर एकीकडे पंथ, दुसरीकडे वर्गात बसलेली मुले, असे दोन्ही होते आणि दोघांनाही विद्यापीठ आपलेच वाटत होते. असा प्रश्न आपल्यासमोर आला, तर आपण कसे मत द्याल हे मी सांगणार नाही; ते आपण प्रार्थनेने आणि अभ्यासाने ठरवाल. एवढे मात्र सांगतो, की पाळकसाहेबांना आधी शब्द देऊन बैठकीला जाऊ नका. बांधून घेतलेले मत घेऊन बसलेला सदस्य समोरच्याचे ऐकत नाही. त्यांना आदराने सांगा, की आपण मला मार्गदर्शन अवश्य करा, पण माझे मत मी सर्व कागद वाचल्यावर देईन.

आपण लेखाशास्त्राच्या आहात, म्हणून पैशांविषयी थोडे सविस्तर लिहितो. कदाचित त्यासाठीच आपल्याला बोलावले असेल, आणि बोलावले नसले तरी खरी गरज तिथेच आहे. लहान आणि मध्यम ख्रिस्ती विद्यापीठांची स्थिती पत्रकातल्या छायाचित्रांवरून कळत नाही. छापील शुल्क आणि प्रत्यक्ष मिळणारे शुल्क यांत प्रचंड अंतर असते. अमेरिकेतील खासगी महाविद्यालये पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी निम्म्याहून अधिक शुल्क सवलत म्हणून परत देतात. त्यामुळे विद्यार्थिसंख्या वाढली आणि उत्पन्न घटले, असे एकाच वर्षी होऊ शकते. आपण पहिल्याच बैठकीत निव्वळ शुल्काचा गेल्या दहा वर्षांचा आकडा मागा. अक्षयनिधीतून (मूळ रक्कम न मोडता जपायच्या, गुंतवलेल्या देणग्यांतून) दरवर्षी किती काढले जाते तेही पाहा. सर्वसाधारण शिस्त ४ ते ५ टक्क्यांची असते. त्याहून अधिक काढले जात असेल, तर आजच्या पगारासाठी उद्याच्या मुलांची शिष्यवृत्ती खर्च होत आहे असे समजावे. त्या निधीतील कोणता भाग देणगीदाराने विशिष्ट कामासाठी दिला आहे आणि कोणता मोकळा आहे, हे वेगळे दाखवलेले नसेल तर ते दाखवून मागा.

अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न महाविद्यालयाचे काय झाले ते वाचताना मला फार वाईट वाटले. मेथडिस्ट परंपरेतली, १८५६ पासूनची ही संस्था. तिने मोठी बांधकामे काढली, कर्ज घेतले, मग २००८ ची मंदी आली. २०१० मध्ये उघड झाले की विद्यार्थ्यांच्या आर्थिक साहाय्याचा हिशेब कित्येक वर्षे चुकीचा मांडला जात होता. चूक हिशेबाची होती आणि ती वर्षानुवर्षे मंडळासमोरून जात होती. त्यानंतर अक्षयनिधीला हात लागला. राज्याने साहाय्य म्हणून कर्जाची योजना केली, पण अर्ज नामंजूर झाला आणि मार्च २०२४ मध्ये मंडळाने संस्था बंद करण्याचा ठराव एकमताने केला. ३१ मे २०२४ रोजी महाविद्यालय बंद झाले, त्या दिवशी त्याचा बेसबॉल संघ ओहायोमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. त्या खेळाडूंना परत जायला महाविद्यालय उरले नव्हते. माजी विद्यार्थ्यांनी शेवटच्या दोन वर्षांत जीव तोडून देणग्या गोळा केल्या; त्यांतला एक जरी माणूस पंधरा वर्षे आधी लेखापरीक्षण समितीत बसून "हा आकडा मला समजला नाही, पुन्हा सांगा" असे म्हणाला असता, तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

होकार देण्यापूर्वी विद्यापीठाकडून सनद आणि उपविधी मागवून घ्या, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि मान्यता देणाऱ्या संस्थेचे शेवटचे पत्र मागवा. विद्यापीठ आयकर खात्याला दरवर्षी जे ९९० क्रमांकाचे विवरणपत्र देते ते सार्वजनिक असते. त्यात मंडळाची नावे, वरिष्ठ अधिकाऱ्यांचे वेतन आणि सदस्यांशी झालेले आर्थिक व्यवहार नमूद असतात. ते आपण घरी बसून वाचू शकता आणि मागायला कोणाची परवानगी लागत नाही. दक्षिणेकडील राज्यांतील मान्यता संस्थेचा नियमच आहे, की मंडळाचा अध्यक्ष आणि बहुसंख्य सदस्य यांचा विद्यापीठाशी नोकरीचा, कंत्राटाचा किंवा कौटुंबिक आर्थिक संबंध नसावा. आपल्या मंडळात तो पाळला जातो का ते पाहा. विश्वासपत्रकावर, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या लेखी कबुलीवर, सही करावी लागेल. ते नीट वाचा आणि ज्या वाक्यावर मन अडते त्याविषयी सही करण्याआधी बोला. सदस्यांनी दरवर्षी किती देणगी द्यावी अशी अपेक्षा आहे, हेही संकोच न करता विचारा. अनेक मंडळांत ती अलिखित असते आणि नोकरदार माणसाला नंतर अवघड होते. विश्वस्तांसाठी विमा आहे का, हाही रास्त प्रश्न आहे. विनावेतन काम करणाऱ्या स्वयंसेवकांना १९९७ च्या केंद्रीय कायद्याने बरेच संरक्षण आहे, पण घोर निष्काळजीपणाला ते लागू होत नाही.

भाच्याच्या प्रवेशाबद्दल एका ओळीत उत्तर द्या : "मी आता मंडळावर असल्यामुळेच मला हे करता येणार नाही." बॅचच्या ग्रुपवर राहायला हरकत नाही, तिथून वसतिगृहाची, ग्रंथालयाची खरी माहिती मिळते, जी अध्यक्षांच्या सादरीकरणात येत नाही. बैठकीत काय बोलले गेले ते मात्र तिथे लिहू नका, अर्ध्या शब्दानेही नाही. वर्षातून दोनदा तरी विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात, कोणालाही न कळवता, जेवून या.

प्रश्न : मी बेलरचा माजी विद्यार्थी, मूळचा साताऱ्याचा आणि धर्माने हिंदू. दरवर्षी देणगी देतो, माजी विद्यार्थ्यांच्या कामात भाग घेतो. माझ्यासारख्याला कधी मंडळावर जाता येईल का? नसेल, तर ते न्याय्य आहे का? (ह्यूस्टन)

उत्तर : बेलरच्या मंडळावर नाही. पूर्वी रीजंट बाप्टिस्टच असावा लागे. २०११ मध्ये उपविधी बदलून इतर ख्रिस्ती पंथांच्या सदस्यांना एकचतुर्थांशापर्यंत जागा देण्यात आल्या. ख्रिस्ती मंडळीत सक्रिय असणे ही अट कायम आहे.

हे न्याय्य आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर 'होय' असे आहे, आणि ते आपल्याला बोचेल याची मला जाणीव आहे. एखादी संस्था आपल्या श्रद्धेच्या पायावर उभी राहते आणि तो पाया राखण्याचे काम त्या श्रद्धेच्या माणसांकडे ठेवते, तेव्हा ती आपल्याला कमी लेखत नाही. आपल्याकडेही एखाद्या देवस्थानाच्या विश्वस्तपदाबाबत आपण असाच विचार करतो. मात्र विद्यापीठ देवस्थानाहून वेगळे असते. त्यात सर्व धर्मांची मुले शुल्क भरून शिकतात आणि त्यांचा आवाज मंडळापर्यंत पोहोचण्याची काही तरी वाट असलीच पाहिजे. म्हणून आपण विभागांच्या सल्लागार मंडळांकडे पाहावे, तिथे सहसा धर्माची अट नसते आणि अभ्यासक्रम, रोजगार, शिष्यवृत्ती यांविषयीचे खरे काम तिथेच होते. परदेशातून आलेल्या, पहिल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत रिकाम्या वसतिगृहात एकट्या राहिलेल्या मुलांविषयी कोणी बोलायचे, तर ते आपणच बोलू शकता.

सर्वच ख्रिस्ती विद्यापीठे एका साच्याची नाहीत, हेही लक्षात घ्यावे. कॅथलिक परंपरेतील नोत्र दाम विद्यापीठाने १९६७ मध्ये कारभार धर्मसंघाकडून मुख्यतः सामान्य नागरिकांच्या विश्वस्त मंडळाकडे सोपवला. त्याच्या वर बारा जणांचे एक छोटे मंडळ ठेवले, त्यांत सहा धर्मगुरू आणि सहा गृहस्थ. विद्यापीठाचे कॅथलिक स्वरूप जपण्याचा अंतिम अधिकार त्या बारा जणांकडे. अशा दुहेरी रचनेमुळे मोठ्या मंडळात वेगवेगळ्या श्रद्धांच्या लोकांना जागा देणे सोपे जाते. मला ही रचना विचारपूर्वक केलेली वाटते.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यातील एका जुन्या मिशनच्या शिक्षणसंस्थेचे आम्ही माजी विद्यार्थी आहोत. नियामक मंडळावर माजी विद्यार्थ्यांना जागा द्यावी अशी आमची मागणी आहे. कायद्याने ती मिळवता येईल का? संस्थेच्या जमिनीविषयीही आम्हाला काळजी वाटते. (पुणे जिल्हा)

उत्तर : कायद्याने सक्ती करता येणार नाही. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने दिला आहे. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले, की नियामक मंडळावर विद्यापीठाचे, शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी घेण्याची कायद्यातील सक्ती अल्पसंख्याक संस्थेला लागू करता येत नाही. तेव्हा माजी विद्यार्थ्यांची जागा संस्थेच्या स्वतःच्या घटनेतूनच यायला हवी. ती घटनादुरुस्ती सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी भांडणापेक्षा पत्रव्यवहार उपयोगी पडतो. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या 'नॅक'च्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात, हा मुद्दा प्राचार्यांना नक्की पटेल.

त्याच वेळी हेही सांगतो, की कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने केरळ शिक्षण विधेयकावरील १९५८ च्या अभिप्रायातच म्हटले होते. संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्राच्या १९५० च्या अधिनियमानुसार विश्वस्तांमधील प्रत्येक बदलाचा चेंज रिपोर्ट ९० दिवसांत दाखल करावा लागतो. धर्मादाय कार्यालयात जाऊन संस्थेच्या परिशिष्ट १ ची नक्कल मागा. कागदोपत्री विश्वस्त कोण आहेत आणि मालमत्ता कोणती आहे ते त्यात दिसेल. कित्येकदा असे आढळते, की दिवंगत झालेल्यांची नावे वर्षानुवर्षे तशीच आहेत आणि प्रत्यक्षात कारभार दुसरेच पाहत आहेत.

जमिनीविषयीची आपली काळजी रास्त आहे. जुन्या मिशनच्या आवारांना आज शहराच्या मध्यभागी मोठी किंमत आली आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीखेरीज स्थावर मालमत्ता विकता येत नाही, आणि त्या परवानगीच्या अर्जावर हितसंबंधी व्यक्ती हरकत घेऊ शकतात. आपल्यापैकी दोघांनी सातबारा आणि मालमत्ता पत्रक दर सहा महिन्यांनी काढून ठेवण्याचे काम अंगावर घ्यावे. त्यातील इतर हक्कांचा रकाना आधी वाचावा, कारण व्यवहाराची पहिली चाहूल बहुधा तिथेच लागते.